भिवरेचं रिकामं आळं

चढ संपला की उजव्या हाताला वाटोळा खड्डा दिसतो, त्याला तळं म्हणू नका. ते आळं आहे. वेलाचं बी लावायला करतो तसंच, फक्त मोठं. भर वैशाखातही त्यात हातभर पाणी असतं. दुधासारखं पांढरं, असं लोक सांगतात. मी जन्मभर बघतेय, गढूळ आहे. पण आटत नाही, एवढं खरं.

आमच्या बोरटेकात आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी भोपळ्याची, दोडक्याची आळी करतात. त्यात एक आळं बी न टाकता सोडतात. नुसतं पाणी घालतात. पाहुणे हसतात, म्हणतात, बाई, बी टाकायला विसरलात. विसरत नाही आम्ही. बसा, सांगते.

फार मागं इथं भिवरा आणि तिचा नवरा सुभान राहायचे. दोन बिघे वावर आणि एक मोरी नावाची गाय, एवढाच पसारा. लग्नानंतर बारा वर्षांनी भिवरेला मुलगी झाली. हौसेनं झाली म्हणून हौसाच नाव ठेवलं. पण बाळंतपणात ताप भरला आणि भिवरेचं अंगावरचं दूध गेलं. त्याच आठवड्यात मोरीही व्याली, तिला गोऱ्हा झाला. देवानं सोय केली, असं सगळे म्हणाले.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. बाकीच्यांनी जनावरं घाटाखाली नेली होती. चैत्रात मोरीला वैरण म्हणजे छपराचा कुजका पेंढा. दूध निघायचं ओंजळभर.

"दोन सड त्याला ठेवत जा," सुभान म्हणायचा.

"ठेवते की. आणि तुमच्या लेकीला काय पाजू, तुमच्या मिशा?"

भिवरा चारी सड पिळून घ्यायची. गोऱ्ह्याला लांब खुंट्याला बांधायची. तो दावं ताणून हंबरायचा, मग नुसता बघायचा, मग एके सकाळी उठलाच नाही.

वासरू गेलं तशी मोरीनं पान्हा चोरला. हौसा रडून रडून निळी पडली. तेव्हा सुभाननं सगळीकडे करतात तेच केलं. गोऱ्ह्याचं कातडं सोडवलं, त्यात पेंढा भरला आणि अंबाडीच्या सुतळीनं शिवून ते गाईपुढं उभं केलं. मोरीनं वास घेतला, चाटायला लागली, आणि पान्हा सोडला. महिनाभर हौसा त्यावर जगली. भिवरा धार काढताना गाईच्या तोंडाकडं बघत नसे म्हणे.

आखिती आली. दुष्काळ असला तरी आळी करायलाच हवीत, नाहीतर पावसाळ्यात वेल कुठले? हौसाला झोळीत टाकून दोघं वावरात आली. गाय बांधली, तिच्यापुढं ते कातड्याचं वासरू ठेवलं आणि आळी खणायला लागली. सहा झाली. सातव्याला भिवरेनं मान वर केली.

मोरीनं चाटून चाटून शिवण उसवली होती. पोटातला पेंढा बाहेर आला होता. आणि उपाशी गाय तो खात होती. मध्येच थांबायची, वासराचं कपाळ चाटायची, पुन्हा पोटात तोंड घालायची.

भिवरेनं खुरपं खाली ठेवलं. सुभान कातडं पुन्हा शिवायला धावला. ती म्हणाली, "आता नको. आता तिला कळलंय."

त्यानंतर मोरीनं थेंब दिला नाही. गावात दुसरी दुभती नव्हती. पेज चाटवून बघितली, पोटात ठरली नाही. तिसऱ्या दिवशी हौसा गेली.

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. भिवरेनं ते सातवं आळं छातीइतकं खोल केलं. तळाशी गोऱ्ह्याचं कातडं अंथरलं, त्यावर लेक निजवली. माती लोटली, तरी खड्डा पुरता भरला नाही. भरू दिला नाही तिनं, असंही सांगतात.

दुसऱ्या दिवशी मोरी दावं तोडून तिथं गेली. आळ्याच्या काठावर उभी राहिली, खाली मान घालून हुंगलं, आणि तिला पान्हा फुटला. कुणी हात न लावता चारी सडांतून धारा मातीत पडायला लागल्या. सुभान चरवी आणायला पळाला. भिवरेनं त्याला अडवलं. "कुणासाठी आणताय?" म्हणाली.

धारा थांबेपर्यंत दोघं उभी होती. ते दूध मुरलं तिथं पाणी लागलं, असं सांगतात. खरंखोटं देवाला ठाऊक. पण आखितीचं एक आळं आम्ही हौसाच्या नावानं रिकामं सोडतो.

आजही आमच्या बोरटेकात मेलं वासरू भरून गाईपुढं ठेवत नाहीत. आणि घरात लेकरू कितीही टाहो फोडत असलं, तरी वासरू आपणहून तोंड सोडेपर्यंत बाई रिकामी चरवी घेऊन उभी राहते. माझी धाकटी तापात रडत होती, तेव्हा मीही उभी राहिलेय. त्या वेळी भिवरेला मी लाख शिव्या दिल्या. पण हलले नाही.