सैल लिव्हर

एकदा एका शिष्याच्या मनात आपल्या गुरूविषयी असा घोर संशय शिरला, की त्याने गुरूच्या हातातला पाना हिसकावून घेतला. संशय हा मनाचा रोग आहे, हे आपण येताजाता सांगत असतो. पण ज्याच्या घरात तरणाताठा भाऊ खाटेला खिळून पडला आहे, त्याला असले शहाणपण शिकवायला जाऊ नये. आधी त्याचे ऐकून घ्यावे. म्हणून ही गोष्ट मी त्या शिष्याच्याच बाजूने सांगणार आहे.

गुरू म्हणजे कोणी जटाधारी नव्हेत. बाबालाल वस्ताद हे मोटारसायकलींचे जुने कारागीर. गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याला पत्र्याची शेड, पुढे दगडगोट्यांनी भरलेला ओढा, आणि कमरेत वाकलेले, डोळ्यांनी अधू झालेले वस्ताद. दगडधोंड्यांवरून मोटारसायकल चालवण्याची विद्या ते शिकवत. तिला ट्रायल्स म्हणतात. या विद्येत वेगाला कवडीची किंमत नाही. ओढ्यातले दगड, झाडांच्या मुळ्या, उभे कातळ, यांवरून माणसाच्या चालीने गाडी न्यायची. तीही उभ्यानेच, कारण त्या गाडीला बसायला सीट नसते. वाटेत पाय जमिनीला टेकला की एक दोष. पडलात की पाच. ज्याचे दोष सर्वांत कमी, तो पहिला. आता तुम्ही म्हणाल, हे कसले खूळ? अहो, याहून मोठी खुळे लोक टाय लावून करतात आणि त्यांचा सत्कार होतो.

आपल्या शिष्याचे नाव सत्यजित. त्याचा थोरला भाऊ रणधीर हा वस्तादांचा सर्वांत लाडका शिष्य. ‘पाय न टेकणारा रणधीर’ अशी त्याची पंचक्रोशीत ख्याती. ओढ्याच्या वरच्या अंगाला म्हशीच्या पाठीसारखा एक गुळगुळीत काळा कातळ आहे, त्याला लोक म्हसदगड म्हणतात. भर शर्यतीत रणधीर त्या म्हसदगडावरून पलीकडच्या घळीत गेला. जीव वाचला. पण कमरेखालचे शरीर जे गेले, ते गेलेच. तेव्हापासून तो माजघरातल्या खाटेवर असे, आणि त्या दिवसाविषयी एक अक्षर बोलत नसे. कोणी विचारलेच तर भिंतीकडे तोंड करी.

अशा वेळी गाव मात्र गप्प बसत नाही. पारावर कोणीतरी बोलून गेले, “गाडीत कायतरी सैल राहिलं असणार. वस्तादाची नजर गेलीया आता.” बोलणारा विसरून गेला. सत्यजितच्या काळजात ते वाक्य कुसळासारखे रुतून बसले.

तरीही तो त्याच वस्तादांकडे शिकायला गेला. का, तर दादाचे अपुरे राहिलेले त्याला पुरे करायचे होते. पाय न टेकता म्हसदगड पार करायचा, घरी यायचे, आणि दादाला सांगायचे, की दादा, झाले! एवढ्या एका आशेवर तो जगत होता. आईने रडून पाहिले, उपाशी राहून पाहिले. शेवटी ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, “घरात एक खाट झाली तेवढी बास झाली रे. जा बाबा. पण जसा चालत चाललायस, तसा चालत ये.”

वस्तादांची शिकवण कडक होती. “चाकात हवा कमी ठेव लेका. टणक चाक दगडावरनं घसरतंय, मऊ चाक दगडाला धरतंय.” “क्लचवर एकच बोट, ब्रेकवर एकच बोट, बाकीच्या बोटांनी हँडल धर.” “जिथं जायचं तिथं बघ. खड्ड्याकडं बघशील तर खड्ड्यातच जाशील.” इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधल्याखेरीज ते किक मारू देत नसत, म्हणजे माणूस पडला की दोरी सुटते आणि गाडी तिथेच थांबते. घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट नसतील, तर उन्हात उभे करून परत पाठवत. ओढ्यातून आल्यावर एअर फिल्टर धुवायचा, चेन पुसून तेल द्यायचे, आणि एकेक स्पोकवर पाना वाजवून कान द्यायचा, की कोणता स्पोक बद्द वाजतो, म्हणजे सैल आहे. सत्यजित हे सारे पूजेसारखे करी. आणि त्यात स्वतःची एक भर घाली. गाडीचा प्रत्येक नट तो दात-ओठ खाऊन आवळी. सैल या शब्दाचीच त्याने धास्ती घेतली होती. चालवतानाही तो तसाच असे, खांदे ताठ, गुडघे ताठ, जबडा आवळलेला. वस्ताद बघत आणि मान हलवत.

पुढच्या वर्षीच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारीच आभाळ भरून आले होते. उजेड मळकट झाला होता. सत्यजित ओढ्यावर हातपाय धुऊन शेडमध्ये आला, आणि दारातच थबकला. वस्ताद त्याच्या गाडीपाशी वाकून बसले होते. त्यांच्या हातात पाना होता, आणि क्लचचा लिव्हर, म्हणजे बोटांनी ओढायची दांडी, हँडलला ज्या पट्टीने धरलेला असतो, त्या पट्टीचा नट ते सैल करत होते.

पारावरचे ते वाक्य कोणीतरी कानात ओरडल्यासारखे झाले. तो धावला आणि त्याने पाना हिसकावून घेतला.

“असंच केलं होतं ना? दादाच्या गाडीलाही असंच केलं होतं ना तुम्ही?”

वस्तादांनी वर पाहिले. “व्हय,” ते म्हणाले. “त्याच्या गाडीलाबी असंच केलं हुतं.”

सत्यजितचा हात उगारला गेला. तो खाली कसा आला, हे त्याचे त्यालाही सांगता आले नसते. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांत भीती नव्हती, तेवढेच त्याला दिसले. आणि मग वस्तादांनी जे केले, ते पाहून तो हबकूनच गेला. ते उठले, गाडी ढकलत बाहेर घेऊन गेले, आणि ओढ्याकाठच्या दगडांवर तिला सरळ डाव्या अंगावर लोटून दिले.

“वस्ताद! अहो, उद्या शर्यत आहे!”

“उचल तिला.”

त्याने उचलली. क्लचचा लिव्हर आपल्या जागेवरून फिरून आभाळाकडे तोंड करून बसला होता. वस्तादांनी तळहाताचा एक फटका दिला, लिव्हर जागेवर आला. ओरखडाही नाही.

“आता बोटांनी हलीव.”

सत्यजितने दाबला, ओढला, हलवून पाहिला. लिव्हर जागचा हलला नाही. चालवताना हाताला दगा देईल एवढा तो सैल नव्हताच.

“बोटांनी हलता कामा नये, आणि दणका बसला तर फिरल्याबिगर ऱ्हाता कामा नये. एवढंच सैल. आता तुझ्या मनासारखा आवळ.”

त्याने आवळला. रागाने आवळला. वस्तादांनी पुन्हा गाडी लोटली. या खेपेला खट्‌ असा आवाज आला. गाडी उचलली तेव्हा लिव्हर मुळातून मोडून दगडांत पडला होता.

उद्याची शर्यत, आणि गाडीला क्लच नाही! रानात असा मोडला असता तर गाडी तिथेच सोडून यावे लागले असते. वस्ताद शेडच्या कोपऱ्यात गेले. तिथे गोणपाटाखाली काहीतरी झाकून ठेवलेले असे, त्याला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. त्यांनी गोणपाट काढले.

रणधीरची गाडी होती ती. टाकी चेपलेली, पुढचे चाक वाकडे. पण हँडलवर दोन्ही लिव्हर शाबूत होते.

“म्हसदगडाखालनं मीच आणली तिला,” वस्ताद म्हणाले. “घळीत दगडावर आपटली हुती. लिव्हर फिरलं, मोडलं न्हाईत. तिथंच किक मारली, तर चालू झाली बघ. माणसं त्याला झोळीत घालून नेत हुती आणि मागं ही चांगली सुरू हुती. मला तिचा आवाज ऐकवंना.”

त्यांनी तो क्लचचा लिव्हर काढला आणि सत्यजितच्या हातात ठेवला. टोकाला थोडासा घासला होता, बस्स.

“ऐक बाळा. ह्या दगडांत पडणं कुणाला चुकत न्हाई. मी नट सैल ठेवतो ते पडायसाठी न्हाई, पडून घरला यायसाठी. ज्याला दणक्यासरशी जरा वळता येतं, ते मोडत न्हाई. जे अजिबात हलणार न्हाई म्हणतं, ते मुळातनं जातं. गाडीला हे मला पान्यानं शिकवता येतं. माणसाला कुठला पाना लावू?”

“मग दादा का पडला?”

वस्तादांनी गोणपाट पुन्हा पसरले, त्याच्या कडा नीट दाबल्या. “गाडीचं मी तुला सांगितलं. त्याचं त्याला इचार. मला कधी इचारवलं न्हाई.”

सत्यजितला क्षमा मागायची होती. तो खाली बसला, आणि दादाचा लिव्हर त्याने आपल्या गाडीला बसवला. नट आवळला, आणि मग थोडासा मागे घेतला. वस्तादांनी तळहात मारून पाहिला आणि हुंकार दिला. क्षमेचा व्यवहार तेवढ्यावरच झाला.

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसेच होते, ना पाऊस ना ऊन. ओढ्याच्या दोन्ही अंगांना माणसे जमली होती. सत्यजितने खालचे गोटे पार केले, मुळ्या पार केल्या, दोन उभे कातळ पार केले. एकही दोष नाही. लोक आपसांत बोलू लागले, “रणधीरचाच भाऊ शोभतोय!” आणि मग म्हसदगड आला.

पुढचे चाक चढले. मागचे चढले. काळ्या पाठीच्या ऐन माथ्यावर मागचे चाक ओल्या शेवाळावर किंचित सरकले आणि गाडी डावीकडे कलली. पलीकडे घळ. तेवढ्यात त्याला कातळाच्या डाव्या अंगाला, बुटापाशीच, एक सपाट खाच दिसली. पाऊल मावेल एवढी जागा. सारे अंग त्याला म्हणत होते, आवळ, अजून आवळ, निघेल! दादा निघाला असता! त्याला उंबरा आठवला, आणि उंबऱ्यातले आईचे तोंड.

त्याने पाय टेकला.

गाडी सावरली, कातळ उतरून पलीकडे गेली. पंचांनी एक बोट वर केले. माणसांतून एक निःश्वास निघाला आणि कोणीतरी म्हणाले, “छे! भावाची सर न्हाई.” शर्यत दुसऱ्याच कोणी जिंकली. हार त्याच्या गळ्यात पडला, हलगी त्याच्यासाठी वाजली. सत्यजितने चेनला तेल दिले, गाडी शेडमध्ये लावली. वस्ताद त्याच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभे राहिले. मग तो घरी निघाला. वर्षभर जपलेली आशा संपली होती, आणि आता दादाला काय तोंड दाखवायचे, एवढेच त्याच्या डोक्यात होते.

आई दारातच होती. तिने बक्षिसाचे विचारले नाही. तो अंगणातून चालत येत होता तेव्हा ती त्याच्या पायांकडे पाहत राहिली, आणि मग पदर डोळ्यांना लावून आत गेली.

माजघरात दादा जागाच होता.

“म्हसदगड?” त्याने विचारले.

“पाय टेकला, दादा.” सत्यजित म्हणाला. “माफ कर. नाही जमलं मला.”

दादाने नजर आढ्याकडे वळवली. आता तो भिंतीकडे तोंड करणार, असे सत्यजितला वाटले.

“कुठं टेकलास?”

“माथ्यावरच. डाव्या अंगाला एक सपाट खाच आहे. पाऊलभर.”

“हाय,” दादा म्हणाला. “मला दिसली हुती. पर पाय टेकवंना.”

सत्यजित खाटेच्या कडेला बसून राहिला. बाहेर आभाळ तसेच कोंदलेले होते. थोड्या वेळाने त्याने बूट काढले, उठला, आणि दादाच्या पायांवरून घसरलेले पांघरूण सारखे केले. त्या पायांना ते कळले नाही.