तानवडे सरांची स्कूटर

"...पण बॅटरीनेच पेट घेतला तर?"

तानवडे सर नूरबाबांना हे तिसऱ्यांदा विचारत होते. एकदा पाडव्याला, एकदा श्रावणात, आणि आज.

नूरबाबा घाटाच्या तोंडाशी असलेल्या दर्ग्यातले फकीर. नवी गाडी घाट चढण्याआधी इथे थांबते. बाबा चाकाखाली लिंबू ठेवतात, गाडी त्यावरून पुढे जाते. सरांनी लिंबू पाडव्यालाच आणून दिलं होतं. गाडी तेवढी ठरायची होती. लिंबू कोनाड्यात वाळून काळं पडलं.

सरांच्या पत्नी कुमुदताई पायरीवर टेकल्या होत्या. घाटावरच्या पाड्यात त्यांची अंगणवाडी. रोज चालत जायच्या, चालत यायच्या; स्कूटर त्यांच्यासाठीच घ्यायची होती. मागल्या आठवड्यात वळणावर एका डंपरने त्यांना कठड्याला दाबलं, तेव्हापासून कोपराला पट्टी होती.

सरांनी फाईल उघडली. अकरा स्कूटर. प्रत्येकीचे ब्रेक, चाकं, चढावर चार्जिंग किती पुरतं, सगळं लाल-निळ्या शाईत. विज्ञानाचे शिक्षक ते, तपासल्याशिवाय पाणीही पीत नसत. कोपराची पट्टी मात्र फायलीत कुठे नव्हती.

"चाकं लहान आहेत," सर म्हणाले. "आणि खाऊचं पोतं पायाशी मावेल का, शंकाच आहे."

"बाईंना विचारलंत?"

"तिला काय कळतंय त्यातलं?"

कुमुदताईंनी चपला काढल्या आणि तळवा चोळत बसल्या. त्यांचं बोलून केव्हाच झालं होतं.

बाबांनी डोळे मिटले...

"बाबा, एका शब्दात सांगा. स्कूटर सुरक्षित आहे की नाही?"

"नाही."

सरांना केवढं हायसं वाटलं. त्यांनी फाईल मिटली, नाडी बांधली.

"तेच म्हणतोय मी. मग आत्ता नकोच. पुढच्या वर्षी बघू."

...

बाबा गुडघ्यावर हात देऊन उठले. कोनाड्यातलं ते लिंबू घेतलं. पायरीशी येऊन कसेबसे खाली बसले आणि कुमुदताईंच्या टाच झिजलेल्या चपलेखाली त्यांनी ते सरकवलं.

कुमुदताईंनी पाय मागे घेतला.

"हे काय, बाबा?" सरांनी विचारलं.

"पुढच्या वर्षापर्यंत हीच गाडी ना?" बाबा थकल्या आवाजात म्हणाले. "आजवर बिनलिंबाचीच चालली."