ताम्रगिरीचा मुकुट आणि चिमा सुईण

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता. शिकारीच्या नादात तो एकदा ताम्रगिरीच्या गुहेत शिरला आणि तिथे त्याला सोन्याचा मुकुट सापडला. मुकुटात तीन हिरे होते आणि कडेला अक्षरे कोरली होती : 'जो मला धारण करील, त्याला कोणालाही काही विचारावे लागणार नाही.' राजाला ते वरदान वाटले. त्याने मुकुट डोक्यावर ठेवला. मग मुकुट डोक्यावरून निघेना.

पहिल्या दिवशी राजाला सर्व उत्तरे सुचू लागली, दुसऱ्या दिवशी दरबाराला, तिसऱ्या दिवशी साऱ्या प्रजेला. उत्तरे खरी की खोटी, हे पाहण्याची गरज कोणाला उरली नाही. चौथ्या दिवशी सकाळी झाडूवाल्यांना रस्त्यावर 'का', 'कोण' आणि 'कसे' हे शब्द पडलेले दिसले. त्यांनी ते गोळा करून नदीत टाकले.

मग वैद्य दुखणे न ऐकता काढे देऊ लागले. न्यायाधीश साक्ष न घेता शिक्षा सांगू लागले. सेनापतीने चाळीस स्वारांना पुलावरून पलीकडे धाडले. पूल पुरात वाहून गेला होता. स्वार बुडाले. कोणाला नवल वाटले नाही.

त्या राज्यात चिमा नावाची सुईण होती. राज्यावर हा शाप आला तेव्हा ती नदीपलीकडच्या मुलखात एका अडलेल्या बाईपाशी बसली होती, म्हणून तेवढी ती सुटली. नवव्या दिवशी ती नावेने परतली आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याला म्हणाली, "राणीसाहेब कशा आहेत?"

पहारेकरी तिच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "राणीसाहेब उत्तम आहेत. राजवैद्यांनी तसे जाहीर केले आहे. बाळंतपणाला दोन महिने अवकाश आहे. वैद्य आणि दासींखेरीज कोणी आत जाऊ नये म्हणून महालाला कुलूप आहे."

राणी कुमुदवतीला या जगात तिनेच आणले होते. राणीचे पहिले मूल गेल्या साली पोटातच गेले होते आणि चिमाच्या हिशेबाने दुसऱ्याचे दिवस आता भरत आले होते.

वेशीबाहेर पिंपळाच्या ढोलीत एक पिंगळा बसला होता. तो म्हणाला, "बाई, या राज्यात इतक्या दिवसांत मी ऐकलेला हा पहिला प्रश्न. ताम्रगिरीवर जा. तिथे मौनक जादूगार आहे. ज्या मुकुटाने प्रश्न नेले, तो त्याने घडवला." एवढे बोलून तो तिच्या खांद्यावर येऊन बसला.

मौनक गुहेच्या तोंडाशी राखेत रेघा ओढत होता. "मलाही उत्तरांची फार हौस होती," तो म्हणाला. "म्हणून तो घडवला आणि भिऊन दडवला. आता उपाय एकच. तीन माणसांच्या तोंडून, त्यांच्या खुशीने, 'मला ठाऊक नाही' हे शब्द यायला हवेत. एक तलवार धरणारा, एक तराजू धरणारा आणि एक असा, ज्याचा हात कधी चुकला नाही असे सारे म्हणतात. एकेका कबुलीला एकेक हिरा गळेल."

"मी त्यांना काय सांगू?"

"काही सांगायचे नाही. फक्त विचारायचे. उत्तर दिलेस, तर तुझ्याही जिभेवरचे प्रश्न गळून पडतील."

चिमा उतरली. नदीकाठी तिने बुडालेल्या स्वारांची हकीगत ऐकली आणि ती थेट सेनापती भीमरथाच्या आखाड्यात गेली. तो तलवारीला तेल लावत होता.

"सेनापती, शौर्य म्हणजे काय?"

"मागे न हटणे."

"चाळीस स्वार मागे हटले का?"

"एकही नाही."

"पूल होता का?"

सेनापतीचा हात तलवारीवर थांबला.

"काठावर ज्या एक्केचाळिसाव्या स्वाराने घोडा आवरला, त्याला तुम्ही काय म्हणालात?"

"भ्याड म्हणालो. फौजेतून काढले."

"तो आता कुठे आहे?"

"नदीवर. रोज पुरात उतरतो. प्रेते बाहेर काढतो." सेनापतीने तेलाचा फडका खाली ठेवला. "एकटाच उतरतो."

"त्यांच्यातले शूर कोण, सेनापती?"

ऊन आखाड्याच्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गेले. मग भीमरथ म्हणाला, "मला ठाऊक नाही." त्याने तलवार खाली ठेवली आणि तो नदीच्या वाटेला लागला. दरबारात राजाच्या मुकुटातून एक हिरा खळकन पडला.

न्यायाधीश नीलकंठशास्त्री अवघड निघाले. पहिल्या दिवशी चिमाने विचारले, न्याय म्हणजे काय. त्यांनी चार ग्रंथांतली वचने म्हणून दाखवली आणि तिला बाहेर घालवले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी ती सभेच्या दाराशी बसून राहिली. दुपारी शिपायांनी एका विणकराला आणले. शास्त्रीबुवांनी मान वर न करता सांगितले, "गाय चोरली. सात वर्षे बंदिवास."

"शास्त्रीबुवा," चिमा दारातूनच म्हणाली, "न्याय म्हणजे काय?"

"ज्याचे त्याला देणे. हे मी तुला दोनदा सांगितले."

"मग या माणसाचे नाव काय?"

शास्त्रीबुवांनी तोंड उघडले. विणकर त्यांच्याकडे पाहत होता. सात वर्षांची शिक्षा ज्याला दिली, त्याचे नाव त्यांना सुचेना आणि खोटे नाव घ्यायला जीभ उचलेना. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. आसनावरून उतरून ते विणकराच्या समोर खाली बसले. दुसरा हिरा पडला.

आता राजा राहिला, असे चिमाला वाटले. ज्याचा हात चुकत नाही असे सारे म्हणतात, तो राजाच.

मणिकेतू सिंहासनावर होता. मुकुटाच्या भाराने त्याची मान एका बाजूला कलली होती.

"महाराज, चांगले जगणे म्हणजे काय?"

"मी जगतो ते."

"आज राणीसाहेब आपणाशी काय बोलल्या?"

"तिची प्रकृती उत्तम आहे. मला ते ठाऊक आहे."

"काय बोलल्या, महाराज?"

कुलूप घातल्यापासून राजाने राणीचा आवाज ऐकला नव्हता, आणि हे त्याला त्याच घटकेला उमगले. त्याने डोळे मिटले. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "ही किल्ली घे. जा तिच्याकडे."

चिमाने वर पाहिले. तिसरा हिरा जागचा हलला नव्हता. तेवढ्यात दासी धावत आली. "राणीसाहेबांना कळा लागल्या आहेत. वैद्य म्हणतात, या कळा नव्हेत."

महालात कुमुदवती घामाने भिजून पडली होती. चिमाने तिच्या पोटावरून हात फिरवला. खिडकीत पिंगळा येऊन बसला.

"चिमा, बाळ कसे आहे?" पिंगळ्याने विचारले.

"डोके खाली आहे," चिमा म्हणाली. "तीनशे बाळंतपणे केली या हातांनी. एकदाही चुकले नाहीत. साऱ्या गावाला विचार."

हे बोलताच 'कुठे' हा शब्द तिच्या जिभेवरून घसरून फरशीवर पडला. मागोमाग 'कधी' पडला. तिने तिसरा शब्द दातांत घट्ट धरला आणि तिला आपण काय बोललो ते कळले. तीनशे बायांच्या तोंडचा तो गौरव तिने इतकी वर्षे ऐकला होता आणि खरा मानला होता. हाताखाली काहीतरी गोल लागत होते. ते डोकेच आहे, हे तिने पाहिले नव्हते, ती फक्त धरून चालली होती.

तिला लाज वाटली. मग ती मोठ्याने म्हणाली, "मला ठाऊक नाही."

फरशीवरचे शब्द परत आले. दरबारात तिसरा हिरा पडला आणि मुकुट राजाच्या मांडीवर उतरला. चिमा राणीच्या कानाशी वाकली.

"बाईसाहेब, लाथा कुठे बसतात?"

"पार खाली, मावशी. दोन दिवस झाले. वैद्य म्हणाले, तिथे लाथ बसत नाही."

म्हणजे डोके वर होते आणि पाय खाली. चिमाने दासीला पाणी तापवायला सांगितले, राणीला कुशीवर घेतले आणि पायाळू बाळासाठी जे करायचे ते सारे नव्याने मांडले.

कुमुदवतीने तिचा हात धरला. इतक्या दिवसांत तिने कोणाला काही विचारले नव्हते. "चिमामावशी, वाचेल का?"

"ठाऊक नाही, बाळा. मी इथेच आहे."

ऊन कलायला आले तेव्हा मुलगी जन्मली. ती निळी होती आणि रडत नव्हती. चिमाने तिची पाठ चोळली, तोंड पुसले, पुन्हा चोळली. राजा उंबऱ्यात बोडक्या डोक्याने उभा होता. कोणाला काही ठाऊक नव्हते आणि कोणी ठाऊक असल्याचा आवही आणला नाही. मग मुलगी रडली.

राजाने मुकुट वितळवला आणि नदीवर नवा पूल बांधला. सेनापतीने त्या स्वाराला पूर्वीच्या मानाने परत घेतले. शास्त्रीबुवा आधी नाव विचारू लागले, मग साक्ष. विणकराच्या घरी चोरीची गाय निघाली नाही; तो सुटला. वैद्य नाडी पाहण्याआधी रोग्याचे ऐकू लागले. राज्याचा कारभार पूर्वीपेक्षा सावकाश चालू लागला; पण चालू लागला. अशी त्या राज्याची हकीगत झाली, ऐकली तशी सांगितली.