पाठीवरचा ओला हात

एक होता राजा, आणि राजापेक्षा मोठी होती त्याच्या गावातली शाळा. हसू नका, खरंच मोठी होती. तिच्या मैदानावर खो-खोचे दोन खांब होते ना, ते जिवंत होते. पांगाऱ्याचे खांब, वर हिरवीगार पानं. तिथं पंच नव्हता की शिट्टी नव्हती. ज्याला हात लागेल त्यानं आपल्याच तोंडानं म्हणायचं, "मी बाद." असं कुणी म्हटलं की खांबाला नवं पान फुटायचं. अशी तिथली रीत होती, बरं का.

राजाची मुलगी केतकी याच शाळेत शिकायची. तिची जिवाभावाची मैत्रीण गोजी, कुंभाराची पोर. दोघी एका पानात जेवायच्या. फक्त खेळताना समोरासमोर.

मग एकदा मोठा सामना लागला. राजा स्वतः बघायला आला. वाड्याकडच्या संघात शेवटची उरली केतकी. घंटा होईपर्यंत टिकली की त्यांचा संघ जिंकला. पण मागून गोजी आली वाऱ्यासारखी, आणि तिची बोटं केतकीच्या पाठीला लागली. लागली म्हणजे लागलीच. आणि मग घंटा झाली.

गोजी हसत म्हणाली, "केतके, बाद!"

केतकीनं राजाकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवायला हात उचलून बसला होता. तिच्या तोंडून निघालं, "नाही लागला हात."

"अगं, लागला की! कळलं नाही का तुला?"

"खोटं बोलतेस तू."

झालं. राजाच्या मुलीला खोटं कोण म्हणणार? सगळे गोजीलाच खोटारडी म्हणाले. ती बिचारी खाली मान घालून घरी गेली.

मग खांबांची पानं गळली. गाव म्हणालं, बघा, हे त्या पोरीच्या खोट्यामुळं. मग तिच्या घरचं मडकं कुणी घेईना. मग एके सकाळी तिच्या बापानं चाक गाढवावर लादलं आणि ती माणसं गाव सोडून गेली. राजानं त्यांना घालवलं नाही हो. पण थांबा असंही म्हटलं नाही.

इकडं केतकीच्या पाठीवर काहीतरी ओलं ओलं लागायला लागलं. कुणी ओल्या मातीचा हात ठेवलाय जसा. तिनं उटणं लावलं, गेलं नाही. दुधानं धुतलं, गेलं नाही. नदीत जाऊन बुड्या मारल्या, तरी गेलं नाही. आई म्हणायची, "अगं, काही नाहीये तिथं." पण आईला दिसेल कसं?

शेवटी ती मैदानावर सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी बाद होते. गोजी खरं बोलत होती." राजानं मान खाली घातली. खांबांना मात्र पान फुटलं नाही. फार उशीर केला होता ना तिनं.

मग ती गोजीला शोधत निघाली. एका गावात म्हणाले, आले होते, गेले. दुसऱ्या गावात तेच. तिसऱ्या गावाच्या वेशीबाहेर गोजी माती मळताना दिसली. केतकी जवळ गेली आणि तिच्यासमोर पाठ करून, खो-खोत बसतात तशी उकिडवी बसली.

गोजी माती सोडून उठली. मग तिचा चिखलाचा हात केतकीच्या पाठीवर पडला.

"बाद," गोजी म्हणाली.

"बाद गं. मी बाद," केतकी म्हणाली आणि ढसाढसा रडली. गोजीही रडली. पाठीवरचं ते ओलं तेवढ्यात वाळून गेलं.

"चल ना गोजे, घरी."

"नको केतके. बाबांची भट्टी आता इथं लागलीय. आणि त्या मैदानाकडं माझे पाय नाही वळायचे."

केतकी एकटीच परत आली. खांबांना एकेक पान फुटलं होतं. पुढं ती पुष्कळ खेळली, पुष्कळदा हरली. हात लागला की सगळ्यांच्या आधी म्हणायची, "मी बाद." पण सराव खेळताना खांबाजवळची एक जागा ती रिकामी ठेवायची. तिथं कुणालाच बसू द्यायची नाही.

काय म्हणालास? गोजी परत आली का? नाही रे सोन्या. आली असती तर तुला आधीच सांगितलं नसतं का? ती तिकडं सुखानं राहिली, केतकी इकडं सुखानं राहिली. एकमेकींची आठवण काढत राहिल्या.

चला, मिटा डोळे. पाठ करा इकडं, थोपटते.