गणिताच्या सहा चौकटी

एकदा एक वेळापत्रक फार सुंदर झाले. हसू नका. ज्यांनी शाळेचे वेळापत्रक बसवले आहे त्यांना विचारा. एक तास इकडचा तिकडे केला की सगळा आठवडा विस्कटतो. निवास हा डोंगरपायथ्याच्या एका हायस्कूलचा तरुण मुख्याध्यापक. आधीचा तक्ता मुलांना धड वाचताच येत नसे, म्हणून त्याने चार दिवस खपून नवा केला. ठळक अक्षर, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, मधल्या सुट्टीला जाड रेघ. मोठ्या कौतुकाने तो तक्ता घेऊन तो विसोबा गुरुजींकडे गेला. गुरुजी त्याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आणि निवास त्यांचाच विद्यार्थी.

गुरुजींनी दहावीच्या तासांवरून बोट फिरवले. "हे घोरपडे सर रोज गणित शिकवतात?"

"नाही गुरुजी. त्यांची जूनमध्येच बदली झाली, जागा रिकामी आहे. पण तपासणीला चौकट रिकामी दिसू नये म्हणून जुनंच नाव ठेवतात. तुम्हाला माहीत आहेच."

"मग त्या तासाला मुलं काय करतात?"

"बसून असतात."

गुरुजी उठले, दाढीचे पाते घेऊन आले आणि गणिताच्या सहाही चौकटी कापून काढल्या. म्हातारा चळला की काय, असेच निवासच्या मनात आले.

"आता वाचता येईल," गुरुजी म्हणाले. "अरे, अक्षर तुझं मोत्यासारखं आहे, पण मजकूर खोटा होता. मी एकोणीस वर्षं अशीच नावं भरली. तपासणीवाले खूश, वरचे खूश. आणि चौकट भरलेली दिसते म्हटल्यावर शिक्षक मागायला कोण जाणार? कुणी गेलं नाही. मीसुद्धा नाही. किती पोरांचं वाटोळं झालं त्यात, मोजायची हिंमत नाही माझी. तू हे असंच लाव."

"लावलं तर शिक्षक मिळेल?"

"बहुधा नाही," गुरुजी म्हणाले. "पण आपण पोरांना फसवायचं तरी थांबू."

निवासने तक्ता तसाच भिंतीवर लावला आणि वर अर्ज पाठवला. जानेवारी संपत आला, उत्तर आले नाही. पालक बोनाफाईड दाखल्यांच्या कामाला आले, तक्त्याकडे पाहून दाखले घेऊन गेले. ही भोके कसली, असे एकानेही विचारले नाही. विचारले ते फक्त दहावीतल्या तृप्तीने, तक्ता लावला त्याच दिवशी. ती बराच वेळ तक्त्यासमोर उभी होती.

"सर, म्हणजे गणिताचं पुस्तक उद्यापासून आणायचं नाही ना?"

जूनपासून ती पोर रोज ते पुस्तक दप्तरात घालून आणत होती, हे निवासला त्या दिवशी कळले.