विवराच्या तळातलं शिखर

"...आणि त्या विवराचं वय रे? ते कशावरून सांगशील?"

मुजावर मास्तरांनी विचारलं तेव्हा विश्वंभर नुकताच दुर्बिणीवरून उठला होता. जतला मास्तरांच्या घराच्या गच्चीवर अजून पुरता अंधारही पडला नव्हता. अष्टमीचा अर्धा चंद्र ऐन डोक्यावर होता.

"तीनशे नव्वद कोटी वर्षं," विश्वंभर म्हणाला. सांगलीच्या कॉलेजात तो हेच शिकवायचा.

"हे पुस्तक बोललं. डोळा काय म्हणतो?"

विश्वंभर जरा हिरमुसला.

"डोळा म्हणतो, विवर म्हातारं आहे. कडा पार झिजलाय. आणि नैर्ऋत्येला त्या कड्यावरच एक धाकटं विवर बसलंय. धाकट्यानं थोरल्याचा कडा फोडलाय, म्हणजे थोरलं आधीचं."

"हां... हे तू पाहिलंस."

मास्तरांच्या तोंडून एवढंही सहसा निघत नसे. एकतीस वर्षं त्यांनी चंद्रावरच्या या एकाच विवराची चित्रं काढली होती. जाडजूड वही भरत आली होती. मग काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले आणि शेवटची पानं कोरी राहिली. ज्याच्या चित्रावर भरवसा बसेल त्याच्या हाती वही द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ती आपल्यालाच मिळणार, याबद्दल विश्वंभरला तिळमात्र शंका नव्हती. तरी आज तो सातव्यांदा आला होता.

त्यानं आपलं चित्र मास्तरांच्या हाती दिलं.

मास्तरांनी कागद मांडीवर पसरला. हलकेच बोटं फिरवली. कड्यावरून, धाकट्या विवरावरून... आणि मध्यावर येऊन ती थांबली.

"इथं पेन्सिल फार दाबून चालवलीयस. काय आहे हे?"

"शिखर, मास्तर. मधला डोंगर. एवढा मोठा दणका बसला की तळच उसळून वर येतो, तोच हा."

"तो कसा झाला ते नको सांगू. दिसला?"

"दिसला की."

"आज अष्टमी," मास्तर म्हणाले. "तिथं आत्ता कुठं सूर्य उगवतोय. पूर्वेचा कडा मैलभराहून उंच. त्याची सावली कुठवर जाईल?... परत बघ."

ज्याला स्वतःला दिसत नाही अशा माणसानं आपल्याला 'परत बघ' म्हणावं, याचा विश्वंभरला रागच आला. तरी तो बसला आणि दुर्बिणीला डोळा लावला.

पश्चिमेचा कडा तेवढा लख्ख उजळला होता. तळ काळाकुट्ट. डोंगर कुठंच नव्हता.

मग आपण काढला तो कुठला?

तो नकाशातला होता. वर्गात शंभरदा फळ्यावर काढलेला. हात आपोआप चालला होता. खोटं बोलायचं विश्वंभरच्या मनातही नव्हतं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

त्यानं खोडरबर घेतलं. डोंगर पुसला. तळावर बारीक खड्डे काढले होते, तेही दिसत नव्हते. तेही पुसले.

"काय उरलं?"

"अर्धा कडा, मास्तर. आणि ते धाकटं विवर. बाकी सगळं काळं."

"बघत राहा."

विश्वंभर बघत राहिला. मास्तरांच्या सुनेनं आणून ठेवलेला चहा निवून गेला. एरवी दहा मिनिटांत चित्र उरकणारा हा माणूस; आज त्याला त्या काळ्यातून नजर काढवेना. काय असेल आत? कुठून सुरुवात होईल उजाडायला? आपल्याला हे खरोखरच ठाऊक नाही, हे कळल्यावर त्याला मजा वाटायला लागली.

आणि मग...

"मास्तर! काळ्यात ठिपका आलाय! पांढरा. एकच. मघाशी नव्हता!"

"कशाचा?"

विश्वंभरनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा डोळा लावून कितीतरी वेळ पाहिलं.

"कशाचा ते ठाऊक आहे मला, मास्तर... पण दिसतोय तो ठिपकाच."

मास्तरांनी शेजारची वही चाचपली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

कोरं पान उघडून, हातात पेन्सिल धरून विश्वंभर नुसताच बसून राहिला.

"थांबलास का?" मास्तर म्हणाले. "पुढं सांग... मला दिसायला लागलंय."