कुलगुरूंची शाल

विद्यापीठाच्या नर्सिंग विभागात इंजेक्शनच्या सरावाला एकच रबरी पुतळा होता, तोही फाटला. नवा मागितला की कुलगुरू टोणगावकर म्हणायचे, "पुतळा आहे असं समजा आणि टोचा. कल्पनाशक्ती वापरा जरा!"

शेवटच्या वर्षातली मेघना घोडेस्वार पार वैतागली होती. हवेत सुया टोचून शिकलेल्या मुली उद्या खऱ्या पेशंटचा दंड धरणार, या विचारानेच तिला घाम फुटायचा.

परिचारिका दिनाला कुलगुरूच प्रमुख पाहुणे होते. त्यांच्या सत्काराचं काम मेघनाने मागून घेतलं. नाव पुकारताच कुलगुरूंनी सवयीने मान पुढे केली. मेघनाने रिकामे हात उंचावले, त्यांच्या खांद्यांभोवती हवाच गुंडाळली आणि वाकून नमस्कार केला.

"अगं, शाल कुठाय?"

"आहे असं समजा, सर."

सभागृहात खसखस पिकली. कुलगुरू गोरेमोरे झाले. "निदान नारळ तरी?"

मेघनाने रिकामी ओंजळ त्यांच्या हातांवर उपडी केली. "घ्या. नीट धरा हं, सर. पायावर पडला, तर मलमपट्टीपण झाली असं समजावं लागेल."

आठवड्याभरात नवा पुतळा आला. त्याच्या उद्घाटनाला मेघनाने कुलगुरूंना खरीखुरी शाल पांघरली. त्यांनी ती आधी दोन बोटांनी चाचपून पाहिली, मगच हसले.